बाईसाहेबांची परदेशातली आंघोळ

३ मार्च, मंगळवार

पासपोर्ट आला! बाईसाहेबांचा. वय सहा महिने, फोटोत तोंड वासलेलं, एक डोळा अर्धा मिटलेला. एखाद्या जुन्या दरोडेखोरासारखी दिसतेय. या वयात मी आमच्या गल्लीचं टोकसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि ही चालली परदेशात समुद्र बघायला!

मास्तर (म्हणजे माझा नवरा, शाळेत गणित शिकवतो, घरीही शिकवतो) दिवसभर नाचतोय. अहो आईंना मी तिसऱ्यांदा विचारलं, "चला ना आमच्याबरोबर." त्या भाजी निवडत होत्या. "नको गं. तुमचं तुम्ही जा."

मग आंघोळ कोण घालणार? हे मी विचारलं नाही.

इथे लिहायला काय हरकत आहे. बाईसाहेब महिन्याची होती तेव्हा आंघोळ घालताना माझ्या हातातून निसटली. टबात पडली, पाण्याखाली गेली, मी लगेच उचलली. दोन सेकंदसुद्धा नसतील. काही झालं नाही – ठसका, रडं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी मी बादली भरली तर अहो आई येऊन बसल्या. "राहू दे, मी घालते." तेव्हापासून पाच महिने त्याच घालतात. सुट्टीच्या दिवशी मास्तर. मी टॉवेल धरते.

आणि नोकरी काय करते? संग्रहालयात फुटकी भांडी जोडते! शेकडो वर्षांची, अंड्याच्या टरफलाएवढी पातळ. बारा वर्षांत एक टवका उडू दिला नाही. स्वतःची पोर तेवढी सुटली. अहो आईंनी आंघोळ काढून घेतली ते बरोबरच केलं, असं मला वाटतं. आणि वाईटही वाटतं.

५ मार्च

भरलं एकदाचं सामान. एक्केचाळीस नग. कामावर करतो तसंच केलं – प्रत्येक वस्तू फुगेवाल्या प्लास्टिकात, वर क्रमांक, सोबत यादी. मास्तर म्हणाला, "अगं, सहलीला चाललोय की प्रदर्शन भरवायला?" हसू दे. नग अठरा लागला की यादी शोधत येईल तोच.

६ मार्च

हे लिहिताना अजून हसतेय. विमानतळावर मात्र पाचावर धारण बसली होती.

झालं असं, की क्रमांकाच्या चिठ्ठ्या मी कामावरच्या उरलेल्या वापरल्या. त्यांवर संग्रहालयाचा शिक्का! शिवाय तांबड्या अक्षरांत 'अति नाजूक'. परदेशात उतरलो, तपासणीवाल्या बाईंनी बॅग उघडली, आणि त्यांचा चेहरा बदलला. सगळं बाहेर काढून टेबलावर ओळीने मांडलं. वरचे साहेब आले.

"नग सतरा काय आहे?"

"चमचा."

"तेवीस?"

"तिचं अस्वल."

"यातलं सगळ्यात जुनं काय?"

मास्तर शांतपणे म्हणाला, "मीच. अडतीस वर्षं."

मी त्याला कोपर मारलं. साहेबांना हसू आलं नाही. तासभर बसवलं. नग चौदा उघडला, त्यात दुधाच्या बाटलीची उकळलेली बूचं निघाली. शेवटी साहेब यादी वाचायला वाकले आणि बाईसाहेबांनी त्यांचा टाय दोन्ही हातांनी पकडून तोंडात घातला. सोडेचना! त्या तपासणीवाल्या बाई खो खो हसल्या, मग साहेबही. जाताना म्हणाले, "हा नग तेवढा नीट सांभाळा."

सांभाळते हो.

७ मार्च

खोली मस्त आहे! खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते. पण तिसरा मजला, बासष्ट पायऱ्या (मास्तरने मोजल्या), लिफ्ट नाही. टबही नाही. स्वयंपाकघरात भांडी घासायची दगडी मोरी आहे, ओट्यात बसवलेली, खोल. मास्तरने तिथेच आंघोळ उरकली. मी टॉवेल धरला.

८ मार्च

समुद्र बघून बाईसाहेब शिंकली. बाकीचं मत राखून ठेवलंय.

९ मार्च

आजचा दिवस मला डबीत भरून ठेवावासा वाटतोय.

धक्क्यावर मासळीचा लिलाव चालला होता. एक दांडगा मासेवाला लांबून मासे फेकत होता, दुसरा ते बर्फाच्या पेटीत झेलत होता. थप्प! थप्प! बाईसाहेब टक लावून बघत होती. पाचव्या माशाला ती हसली – आवाज करून, पोटातून! आजवर नुसतं ओठ फाकून हसायची. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. मासेवाल्याला कळलं. मग काय, तो मासा उगाच वर उडवायचा, एकदा पाठीमागून, एकदा डोळे मिटून, आणि ही खिदळतेय! लिलाव बाजूलाच राहिला. गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायला लागली. एक म्हातारी मला मिठी मारून गेली, ओळख ना पाळख.

मास्तरच्या डोळ्यांत पाणी. "वारं आहे," म्हणाला. वारं नव्हतं.

रस्त्याने येताना मी तिला छातीशी बांधून आणलं. माझ्या हनुवटीखाली तिचं डोकं, उन्हाने तापलेलं. इतका आनंद झाला की भीती वाटली.

१० मार्च

सगळं नीट लिहून ठेवते, विसरायचं नाहीये.

सकाळी बाबागाडी वर नेताना चाळिसाव्या पायरीवर मास्तरच्या कमरेत चमक भरली. कसाबसा वर आला आणि जमिनीवर उताणा पडला. हलता येईना. खालच्या मजल्यावरची घरमालकीण गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. जाडजूड, सत्तरीची, आमच्या भाषेतला एक शब्द येत नाही, तिच्या भाषेतला आम्हाला. तरी मास्तरला रागावत होती हे नीट कळलं.

आणि नेमका हाच मुहूर्त बाईसाहेबांनी साधला. साधंसुधं नाही – पार पाठीवरून मानेपर्यंत, केसांत! पुसून भागणारं नव्हतंच. आंघोळच हवी.

मास्तर जमिनीवरूनच म्हणाला, "आईला फोन लावू? ती सांगेल कसं ते."

कसं ते मला माहीत आहे रे. पाच महिने बघतेय मी.

घरमालकीणबाईंनी एक नजर टाकली, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात पुढे केले. द्या इकडे. किती प्रेमाने! आणि मी देणारच होते. माझे हात पुढे गेलेसुद्धा. मग तोंडातून निघालं, "नको." त्या बाईंना कळलं नसेल, पण हात मागे घेतले त्यांनी.

मी मोरीपाशी गेले. दगडी मोरी, खोल, चहूबाजूंनी टणक. बघता बघता डोक्यात आलं – अगं, अशाच मोरीत तर तू रोज ती जुनी भांडी धुतेस! कामावर आहे तशीच. तिथे काय करतेस?

तिथे आधी तळाला आणि कडांना जाड पंचा अंथरतो. अंथरला. पाणी आधी काढून ठेवतो, वस्तू हातात असताना नळाला हात लावत नाही. काढलं, कोपराने पाहिलं. पाणी चार बोटं, जास्त नाही. हातातल्या अंगठ्या काढतो. काढल्या. आणि पहिल्याच दिवशी आमच्या उस्तादांनी शिकवलेलं – ओली वस्तू पाण्यातून तशीच उचलायची नाही. एक हात तिच्यावरून काढायचा नाही. पाणी आधी जाऊ द्यायचं, कोरडं कापड गुंडाळायचं, मग दोन्ही हात खाली घालून कापडासकट उचलायचं.

हे मला घरी का सुचलं नाही? कारण घरी मी आई होते. आईला सगळं आपोआप यावं लागतं ना!

डावा हात तिच्या मानेखाली, बोटं काखेत. तो शेवटपर्यंत सोडला नाही. उजव्या हाताने धुतलं – मान, कानामागे, केस, घड्यांमधलं. पाय झाडले तिने, सगळं पाणी माझ्या तोंडावर. मास्तर बाहेरून ओरडतोय, "काय झालं? काय झालं?" मी म्हटलं, "तू पडून राहा!" मग मोरीचं बूच काढलं, पाणी गेलं, टॉवेल टाकला, गुंडाळली, उचलली.

निसटली नाही.

मी तिथेच ओट्याला टेकून रडले. हसतही होते. घरमालकीणबाईंनी माझं तोंड आपल्या पदरा – छे, त्यांना कुठला पदर – आपल्या एप्रनने पुसलं आणि गालाचा करकचून मुका घेतला. माझ्या, तिच्या नव्हे.

११ मार्च

नग क्रमांक एक. पाहणी सकाळी नऊ. टवका नाही, तडा नाही. वास उत्तम. आंघोळ – मी घातली.

१२ मार्च

गरज नसताना दोनदा घातली. मास्तर काठी टेकत टेकत येऊन दारात उभा राहिला. "पाणी वाया चाललंय," म्हणाला. मी त्याच्यावरही उडवलं.

उद्या परत. घरी गेल्यावर काय? अहो आई बादली भरून बसतील. मी काय म्हणू? 'आता मला येतं' असं म्हटलं तर भांडल्यासारखं वाटेल. त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं, परत मागायचं कुठल्या तोंडाने? परक्या बाईला 'नको' म्हणणं सोपं गेलं. घरच्या माणसाला कसं म्हणायचं?

१४ मार्च, शनिवार

सकाळी अहो आई बादली घेऊन आल्याच. मी म्हटलं, "आई, आज मी घालू?" त्या मटकन पाटावर बसल्या. वाटलं, दुखावल्या.

मास्तरकडे बघत म्हणाल्या, "हा एवढासा होता तेव्हा माझ्याही हातून सुटला होता. दुसऱ्या दिवशी माझ्या सासूने त्याला माझ्याच हातात दिलं – घाल आता परत! इतके हात कापत होते गं माझे. ठरवलं होतं, माझ्या सुनेवर ती वेळ येऊ द्यायची नाही. तू मागशील तेव्हा पोर तुझ्या हाती द्यायची. पाच महिने वाट बघतेय, तू मागितलीच नाहीस. मला वाटलं, तुला नकोच आहे. मी नसले तर तरी घालशील, म्हणून तर आले नाही तुमच्याबरोबर."

मी बाईसाहेबांना मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "मी धरते. पाणी तुम्ही ओता."