लोन्नीच्या नावाने

विस्बी, स्वीडन
१४ फेब्रुवारी १९८८

ती. आल्विनेताईस,
धाकट्या लैनेचा शि. सा. न. वि. वि.

तुझं नव्या वर्षाचं पत्र परवा हाती आलं. पाकीट नेहमीसारखंच कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलेलं. थंडीत कंबर धरते असं लिहितेस आणि पुढच्याच ओळीत विहिरीवरचा बर्फ स्वतः फोडल्याचं सांगतेस. ताई, साठी कधीच उलटली तुझी. ती कुऱ्हाड शेजारच्या लोन्नीच्या जावयाकडे दे की.

इकडे सगळं क्षेम. नात मालिन शेंडेफळ असल्यामुळे लाडावली आहे. शाळेत तिला आजीच्या देशावर लिहायला सांगितलंय. तुमचा देश कसा आहे, तिथली माणसं कशी असतात, असं तिने विचारलं. मी तोंड उघडलं आणि पंचाईत झाली. पोरवयात, युद्धाच्या धामधुमीत मासेमारीच्या होडीत बसून निघून आलेली मी, मला आपलं अंगण ठाऊक, गोठा ठाऊक, चर्चकडे जाणारी वाट ठाऊक. एस्टोनिया हा देश मी पाहिलाय कुठे? टालिन शहरसुद्धा पाहिलेलं नाही. तेव्हा तूच लिहून पाठव.

हवा स्वच्छ असली की मी किनाऱ्यावर जाते. पलीकडचं आपलं बेट दिसत नाही हे माहीत असूनही जाते. माझा नवरा एरिक होता तेव्हा चिडवायचा, की तुझ्या बघण्याने समुद्र झिजेल.

आता खरी बातमी. जूनमध्ये मी हेलसिंकीहून बोटीने टालिनला येते आहे. परदेशी माणसाला शहराबाहेर पाऊल टाकायची मुभा नाही, बेटाचं तर नावच नको, असं व्हिसा देणाऱ्यांनी बजावलंय. आईच्या थडग्यावर फुलं वाहायची फार इच्छा होती, ती राहिली. पण तू टालिनला येशील ना? नाही म्हणू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
लैने


सारेमा बेट
२७ मार्च १९८८

चि. लैने हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. वाटेत ज्यांनी ज्यांनी ते वाचलं असेल त्यांनाही माझा नमस्कार.

मालिनला लिही, आपला देश सपाट आहे. इथली टेकडी दुसऱ्या देशात कुणी मोजणार नाही. अर्धा देश जंगल, उरलेल्यात दलदल, दगड आणि बटाटे. बेटावर बटाट्यांपेक्षा दगड जास्त. काळा पाव जमिनीवर पडला तर आपण उचलून त्याचा मुका घेतो. माणसाच्या बाबतीत एवढी घाई करत नाही. शेजारी असा हवा की त्याच्या धुराड्याचा धूर दिसावा, पण बोलणं ऐकू येऊ नये. लोन्नीचं घर तसं आहे, म्हणून आमची मैत्री टिकली. आमच्यात भांडणसुद्धा न बोलता होतं. एरवी मुकी असलेली ही माणसं एकत्र जमली की गातात. हजारोंनी गातात. ते का, हे मला विचारू नकोस.

आणि टालिनची माणसं आपल्याला हसतात, हेही तिला सांग. तो घशातला एक स्वर आपल्या बेटावरच्यांच्या जिभेला जन्मात जमत नाही. आपण तिथे ओठांचा चंबू करतो आणि दुकानदार लगेच ओळखतो. तू एवढी वर्षं स्वीडिश बोलतेस, तुझा चंबू गेला असेल.

जूनमध्ये मी येते. मुस्तिक गाईचं दूध लोन्नी काढेल. तिला मुस्तिकची लाथ माहीत आहे, मुस्तिकला तिची शिवी. आईच्या थडग्याचं भेटल्यावर बोलू.

प्रकृतीला जप, आणि येताना माझ्यासाठी काही आणू नकोस. तू आलीस की पुरे.
तुझी,
आल्विने


विस्बी
१० जुलै १९८८

ती. ताईस,
शि. सा. न.

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. इथल्या गायकमंडळातली एक विश्वासाची बाई टालिनला निघाली आहे, ती तुला तिथे बोलावून हातात देईल. म्हणून मोकळेपणाने लिहिते. वाचून चुलीत टाक.

घरी पोचल्यापासून मी रोज तेच मनात घोळवते आहे. हॉटेलच्या पायरीवर तू उभी होतीस आणि मी तुझ्यासमोरून निघून गेले. मला वाटलं, आईच उभी आहे, म्हणजे मला भास होतोय. मग तू मागून म्हणालीस की अजूनही फेंगडीच चालतेस. रडायचं होतं ते हसण्यातच राहिलं.

मी लोन्नी बनून बेटावर यावं म्हणून तू ब्लाउजच्या आतून तिचा पासपोर्ट काढलास तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. फोटोतली ती डोक्याला रुमाल बांधलेली, गोल चेहऱ्याची म्हातारी. मी तिच्याहून वीतभर उंच. पकडलो गेलो तर तुझं काय होईल, असं मी विचारलं. तू म्हणालीस, जे व्हायचं ते मागेच होऊन गेलंय. त्याचा अर्थ मला बसमध्ये कळला. एक पावाचा तुकडा चावता चावता, खिडकीकडे बघत, तू सायबेरियाचं सांगितलंस, तुला आणि आईला तिकडे उचलून नेल्याचं. ज्या वर्षांत तुझी पत्रं आली नाहीत आणि मी तुझ्यावर रुसले होते, ती ही वर्षं. आई तिथेच गेली, तिथेच पुरली, बेटावर तिचं थडगंच नाही. मी विचारलं, आजवर का नाही लिहिलंस? तू म्हणालीस, तू फुलं वाहायची स्वप्नं बघत होतीस, ती कशाला मोडू.

बेटाच्या बोटीच्या धक्क्यावर कागद तपासणारा तो टालिनकडचा शिपाई अजून डोळ्यांपुढून हलत नाही. फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. तू माझा हात धरला नव्हतास, पण तुझा श्वास थांबलेला मला ऐकू आला. कुठे गेला होतात, असं त्याने विचारलं. मी कसंबसं म्हटलं, बहिणीला भेटायला. त्या दोन शब्दांत तो स्वर आला आणि माझ्या ओठांचा चंबू झाला. त्याच्या ओठांच्या कडा हलल्या. पासपोर्ट मिटून हातात देत तो म्हणाला, "ही जीभ कुणाला उसनी मिळत नाही. जा, आजी, घरी जा."

त्याला कळलं होतं, ताई. मी लोन्नी नव्हे हे त्याला पक्कं कळलं होतं.

घरी आपण काय केलं? काहीच नाही. तू गोठ्यात गेलीस, मी मागोमाग आले. मुस्तिकने मला लाथ मारली. धुरी दिलेला मासा खाल्ला. तू आईच्या आठवणीसाठी लावलेल्या सफरचंदाच्या झाडाखाली आपण बसलो आणि मी आणलेली फुलं त्याच्या बुंध्याशी ठेवली. जूनचा उजेड संपतच नव्हता, मला तर वाटत होतं हा संपूच नये. दुसऱ्या दिवशी हॉटेलात परतले तर मजल्यावर पाळत ठेवणाऱ्या बाईने माझा बिछाना मुद्दाम चुरगळून ठेवलेला, रात्री मी तिथेच झोपले होते असं दिसावं म्हणून.

आता किनाऱ्यावर जाववत नाही. पूर्वी पलीकडे काय आहे ते आठवावं लागायचं. आता सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून जास्त दुखतं.

लोन्नीला माझा घट्ट नमस्कार. खुशाली कळव, मला झोप नाही.
तुझी,
लैने


सारेमा बेट
१८ सप्टेंबर १९८८

चि. लैनेस,
अ. उ. आ.

टालिनला जाऊन तुझ्या मैत्रिणीला भेटले. सांगितलंस तसं केलं, चूल छान पेटली. हेही तिच्याच मंडळातल्या एकीबरोबर पाठवते.

मी सुखरूप आहे. कुणी आलं नाही, कुणी विचारलं नाही. मात्र गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानाच्या रांगेत सामूहिक शेतीचे मुख्य, ते पक्षाचे थोरले गृहस्थ, माझ्यामागे उभे होते. हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, लोन्नी यंदाच्या उन्हाळ्यात बरीच उंच झाली. रांगेतल्या सगळ्या बायका पावाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी साखर घेतली आणि गेले. लोन्नी मात्र रुसली आहे. आपल्या नावाने कुणी फेंगडं चालून गेलं, हे तिला सहन होत नाही.

गेल्या रविवारी टालिनच्या मैदानावर लाखांनी माणसं जमून गायली. मी रेडिओ लावून ओट्यावर बसले होते. कुंपणापलीकडून लोन्नीचा आवाज आला, बेसूर, पण मोठ्याने. इतक्या वर्षांत तिचं गाणं मी प्रथमच ऐकलं. मग मीही म्हटलं.

तुला निरोप देऊन आले तेव्हा मी रडले नाही. चार दिवसांनी गोठ्यात दूध काढताना रडले. मुस्तिक न हलता उभी राहिली. तू गेल्यापासून घर मोठं झालंय. आधी मी एकटी होते; आता तू नाहीस.

वारं फिरतंय, असं सगळे म्हणतात. बेटाचा रस्ता उघडेल, असंही म्हणतात. माझी कंबर तोवर टिकेल, मी तिला ताकीद दिली आहे. लोन्नीने पासपोर्ट उशीखाली ठेवलाय आणि पुन्हा देणार नाही म्हणते. नाही तर नाही. पुढच्या वेळी धक्क्यावर उतरशील तेव्हा तुझ्या स्वतःच्या नावाने उतर.

वाट बघते.
तुझी ताई,
आल्विने