शनिवारच्या आत मफिनला घेऊन जा

माधव नगर, उज्जैन
बुधवार

चि. श्रीकांत यास कुसुमताईचे अनेक आशीर्वाद (उजव्या हाताने दिलेले, डावा सध्या पट्टीत आहे). अमृताचा गुडघा आता जिना चढू देतो ना? तिकडे बंगळूरला रुचिरच्या बाळाने चांगलं बाळसं धरलं असेल. माझं विचारशील तर मी जिवंत आहे, आणि याचं श्रेय तुला नाही.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू हसतोस. मागच्या आठवड्यात मी थरथरत सांगत होते तेव्हा तू हसलास, मागे अमृताही हसली, आणि ते मला ऐकू आलं. म्हणून आधीच स्पष्ट लिहिते. येत्या शनिवारच्या आत इंदूरहून ये आणि तुझं कुत्रं घेऊन जा. बंगळूरहून परत येऊन तुम्हाला बारा दिवस झाले. इंदूर ते उज्जैन दीड तासाचा रस्ता आहे, बारा दिवसांत तर माणूस चालतसुद्धा येऊन पोचला असता.

जाताना तू मला त्याची गादी दिलीस, वाडगं दिलंस, खाण्याचं पोतं दिलंस, आणि फिरवण्याबद्दल एकच वाक्य सांगितलंस, की ताई, तू फक्त पट्टा धर, बाकी त्याला सगळं कळतं. त्याला कळतं हे खरं आहे. पण राम घाटावर शेवाळलेल्या पायरीवरून पडून माझ्या खुब्यात लोखंड बसल्यापासून दोन वर्षं मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, भाजी दारात येत होती आणि बातम्या पेपरात, हे तुलाही कळत होतं. ‘अब गिरीं तो उठना मुश्किल है, मैडम’ असं त्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू शेजारीच उभा होतास. आणि अशा बाईच्या हातात तू मफिन दिलास. (चौतीस किलोच्या काळ्याकुट्ट लॅब्राडोरचं नाव मफिन ठेवणाऱ्याला आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी तासभर बाकावर उभं केलं असतं.) पट्टा सुटून तो रिक्षाखाली गेला तर तुला काय तोंड दाखवू, या भीतीने मी तो मनगटाला तीन वेढे गुंडाळला आणि देवाचं नाव घेऊन निघाले.

त्या दिवशी शनिवार होता. आता तू इतकी वर्षं इंदूरला राहून विसरला असशील, पण इथे शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घातली की साडेसाती हलकी होते असं मानतात. एरवी लोक काळं कुत्रं शोधत गल्ल्या पालथ्या घालतात, मिळालं तर ते चावरं निघतं. आणि मी एक धुतलेलं, न चावणारं, पट्ट्याला बांधलेलं काळं कुत्रं त्यांच्या दारावरून नेत होते. समोरच्या मंगलाताईंनी दोन पोळ्या आणल्या. (त्यांच्या मुलाचं लग्न जमत नाही. मुलाला भेटलास तर यात शनीचा दोष नाही हे तुझ्या लक्षात येईल.) पुढच्या फाटकात आणखी एक गृहस्थ ताट घेऊन उभे होते. कुत्रं पोळीकडे गेलं, मनगट कुत्र्यामागे गेलं, आणि मी मनगटामागे गेले. विजेचा खांब मध्ये आला म्हणून आज हे पत्र लिहिते आहे.

मनगट सुजलं ते सुजलंच, वर जनावरांच्या डॉक्टर देवश्रीने मला रागावून घेतलं. ती जेमतेम अठ्ठावीस वर्षांची आहे आणि माझ्याच शाळेतून शिकून गेली, रागावणंही तिथलंच, त्यामुळे उलट बोलता येईना. पट्टा मनगटाला कधी गुंडाळायचा नाही, म्हणाली, तळहातात दुहेरी धरायचा, म्हणजे वेळ आली तर हात उघडता येतो. गळपट्टाही चुकीचा, छातीवरून जाणारा आणि पुढे कडी असलेला हवा, म्हणजे ओढायला गेला की तो स्वतःच वळतो. तापलेल्या डांबरावर आपला तळवा टेकवत नसेल तर त्याला न्यायचं नाही. समोरून दुसरं कुत्रं आलं की आधीच रस्ता ओलांडायचा. एवढं सगळं एका कुत्र्यासाठी. आम्हाला वाढवताना आईने यातलं निम्मंही पाळलं नसेल.

मी मात्र स्वतःची अक्कल चालवली. रोग पट्ट्यात नाही, रंगात आहे, असं मी ठरवलं. भैरवगढहून आणलेलं लाल बुट्ट्यांचं कापड चादरीसाठी ठेवलं होतं, त्याचा मशीनवर त्याला गळ्यापासून शेपटीपर्यंत अंगरखा शिवला. काळा रंग झाकला की पोळ्या बंद. दुसऱ्या शनिवारी मोठ्या विश्वासाने निघाले. मंगलाताईंच्या दारावरून सुखरूप गेलो. चौराह्यावर फुलवाला उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, ‘भैरव बाबा की सवारी है, माताजी? कहाँ से पधारे?’

मी म्हटलं, ‘इंदौर से.’ खरं तेच सांगितलं, पण हे भैरवाचं वाहन नाही हे सांगायचं राहिलं, आणि तिथेच घात झाला.

पाच मिनिटांत गर्दी. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. कोणी इमरती आणली, कोणी पाया पडलं (त्याच्या, आणि मग वाकलोच आहोत म्हणून माझ्याही). त्या इमरतीच्या वासाने मिठाईच्या दुकानामागून सात गावठी कुत्री आली. श्रीकांत, हसू नकोस. ती अर्धवर्तुळ करून आली, गुरगुरत, आणि गर्दी मागे सरली. खुब्यातलं लोखंड गार पडल्यासारखं वाटलं. तुझा तो सगळं कळणारा माझ्या पावलांवर येऊन बसला आणि थरथरायला लागला. वेळ आली तर हात उघडायचा, हे देवश्रीचं वाक्य मला स्वच्छ आठवत होतं. हात उघडला नाही. का, ते विचारू नकोस.

मग एकतीस वर्षं सहावी ब सांभाळलेला जो आवाज आहे, तो आपोआप निघाला. ‘सिट डाऊन, ऑल ऑफ यू.’

तुटक्या कानाचा पुढारी आधी बसला. मग बाकीची. मग फुलवालाही बसला, आणि हार घेऊन आलेल्या दोन बायकासुद्धा. आम्ही दोघं मागे न पाहता, रस्ता ओलांडून, एकेक पाऊल टाकत घरी आलो. फाटकाला कडी घातली. जिच्याशिवाय मी खोलीही ओलांडत नाही ती माझी काठी दोन तास खुंटीलाच होती, हे तेव्हा दिसलं.

हे असं पुन्हा सोसणं माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा शुक्रवारपर्यंत गाडी घेऊन ये. गादी आणि वाडगं बांधून ठेवते.

तुझी, अजून उभी असलेली,
कुसुमताई

ता. क. देवश्रीने सांगितलेला छातीवरचा पट्टा त्याच्या मापाचा इथे मिळत नाही. इंदूरला मिळेल. छाती बत्तीस इंच (दोनदा मोजली, पहिल्यांदा त्याने टेप चाटला). कुरिअरने पाठव.

ता. क. कुरिअरने, म्हणजे तू स्वतः यायची गरज नाही, हे लक्षात आलं असेलच. वर शुक्रवारचं जे लिहिलंय ते मनगट ठणकत असताना लिहिलं. कागद चांगला आहे म्हणून फाडत नाही. गादी बांधलेली नाही.

ता. क. भेटायलाच यायचं असेल तर रविवारी ये, जेवून जा. शनिवारी येऊ नकोस. शनिवारी संध्याकाळी आम्ही घरी नसतो.