ताईच्या सायकलचं पुढचं चाक

प्रिय धाकट्या,

तुझं खोकं सोमवारी पोचलं. सायकल सुखरूप आहे, कुठे ओरखडा नाही. चाकं तू वेगळी कागदात गुंडाळून पाठवलीस ते बरं केलंस. वर चार ओळींची चिठ्ठी होती. लेकीसाठी घेतली आहे, चाकं दादाच्याच हातून बसू देत, दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाही. ती मी उभ्यानं वाचली, मग बसून वाचली. ताई गेल्यापासून अठरा वर्षांत तू दुकानाचा विषयसुद्धा काढला नव्हतास.

दुकान होतं तसंच आहे. बाबांनी भिंतीवर प्रत्येक पान्याभोवती पेन्सिलीनं काढलेली रेषा अजून दिसते. माझे गुडघे कुरकुरतात आणि चष्म्याशिवाय एका आऱ्याचे दोन दिसतात. गिऱ्हाईक सायकल घेऊन निघालं की ते रस्त्याच्या वळणापलीकडे जाईपर्यंत मी दारात उभा असतो. तुझी वहिनी म्हणते, तो काय तुमचा जावई लागतो का, आत या. मी माणसाकडे बघत नसतो. पुढच्या चाकाकडे बघत असतो. आणि दुपारी चारच्या सुमाराला कुणी दारात एक पाय टेकवून थांबलं, की ते हाक मारेपर्यंत मी मान वर करत नाही.

लीव्हरवाल्या चाकाची पहिली सायकल दुकानात आली तेव्हा बाबांनी ती दोन दिवस कुणाला शिवू दिली नव्हती, आठवतं? स्वतः शिकले, मग आपल्याला शिकवलं. पाना लागत नाही म्हणून अक्कल लागत नाही असं समजू नका, म्हणाले. पोकळ एक्सलमधून सळई जाते, एका टोकाला लीव्हर, दुसऱ्या टोकाला छोटा नट. आधी चाक दोन्ही बाजूंनी चिमट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत, पूर्ण टेकवायचं. लीव्हर सरळ बाहेर उभा असताना विरोध जाणवायला लागेल इतकाच नट आवळायचा. तिथून पुढे लीव्हर तळहातानं दाबून दुमडायचा. तो नटासारखा गरगर फिरवून घट्ट करायचा नाही. फिरवला तर घट्ट वाटतो, घट्ट नसतो. सहज दुमडला तर उघडायचा, नट थोडा आवळायचा, पुन्हा दुमडायचा. नीट बसला तर तळहातावर त्याचा ठसा उमटतो. बाबा आपल्याला कधी विचारत नसत. नुसतं 'दाखव' म्हणत आणि तळहात बघत.

आणि त्यांचा तो नियम. ज्यानं चाक बसवलं त्यानं तपासायचं नाही. बसवणाऱ्यानं सायकलला बांधलेल्या पुठ्ठ्यावर गोल काढायचा, दुसऱ्यानं तपासून त्याखाली रेघ मारायची. गोल आणि रेघ दोन्ही असल्याशिवाय सायकल दाराबाहेर जात नसे.

ताई कवळ्या बनवायच्या कामाला होती. तुम्ही चाकं बसवता, मी दात बसवते, दोन्हींत ढिलाई झाली की माणूस तोंडावर पडतो, असं ती येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायची. तुला ते पाठ झालं होतं, तिच्या आधीच तू वाक्य पुरं करायचास आणि टपली खायचास. चोरीच्या भीतीनं ती आपल्या सायकलचं लीव्हरवालं पुढचं चाक काढून रोज तीन जिने वर न्यायची. चिमट्याच्या टोकांना चाक निसटू नये म्हणून बारीक कडा असतात, त्यांच्यामुळे तिला दर वेळी नट सैल करावा लागे. कटकट आहे रे, म्हणाली. मी कानस घेतली आणि त्या कडा घासून काढल्या. हे तुला माहीत आहे. बाबांनाही माहीत होतं.

त्या मंगळवारी सकाळी ती पंक्चर काढायला सायकल ठेवून गेली. पंक्चर तू काढलंस, चाक तू बसवलंस, गोल तू काढलास. मग दुकानासाठी ट्यूब आणायला बाहेर पडलास. चार वाजता ती आली. स्वतः बसवलेलं चाक ती रोज उचलून वरून बुक्की मारून बघायची. त्या दिवशी बघितलं नाही. घरचंच दुकान, म्हणाली. पोस्टासमोरच्या उतारावर रस्ता खणला होता. तिथे पुढचं चाक चिमट्यातून निसटलं.

ते चाक मी ठेवलं आहे. मागच्या खोलीत, खिळ्याला. ते सरळ आहे, एकही आरा वाकलेला नाही. बोटानं ढकललं की अजून बराच वेळ आवाज न करता फिरतं. मी ते थांबवत नाही, आपोआप थांबेपर्यंत उभा राहतो.

दवाखान्याच्या जिन्यात तू बाबांना म्हणालास, दादाची फक्त नजर चुकली, हात माझा चुकला. मी तुझ्या शेजारी उभा होतो. पुठ्ठा बाबांच्या हातात होता. तुझा गोल, माझी रेघ. मला ते म्हणाले, डोळे कुठे ठेवले होतेस. तुला काहीच म्हणाले नाहीत. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले आणि तुझ्याशी बोलले ते जेवलास का आणि निघालास का, एवढंच. तू दुसऱ्या गावात नोकरी धरलीस. शेवटच्या महिन्यात मी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होतो. तेव्हाही मी सांगितलं नाही.

आता सांगतो. ट्यूब आणायला निघताना तू मला तळहात दाखवला होतास. बाबांची नक्कल करत, 'दाखव' हा शब्दही तूच म्हणालास. त्यावर ठसा होता. लाल, खोल, लीव्हरच्या पूर्ण लांबीचा. तुझं चाक बसलं होतं. मी फक्त रेघ मारायची होती.

पण लीव्हरचं टोक पुढे आलं होतं. चिमट्याला समांतर, वर असायला हवं होतं, कशात अडकू नये म्हणून. दिसायलाही ते बरं दिसतं, आणि मला ते बरं दिसायला हवं होतं. मी तो उघडला. हव्या त्या जागी यावा म्हणून धरून फिरवला, दोन वेढे, तीन वेढे, हाताला घट्ट लागेपर्यंत. दुमडायचा राहिला होता. तेवढ्यात समोर एक बाई हवा भरायला आली, अहो लवकर करा, दूध उतू जाईल, म्हणाली. मी उठता उठता पुठ्ठ्यावर रेघ मारली. परत आल्यावर बघितलं तर लीव्हर सरळ वर उभा होता, मला हवा तसाच. लीव्हरच्या एका अंगाला उघडा, दुसऱ्या अंगाला बंद असं इंग्रजीत कोरलेलं असतं; बाहेरच्या अंगाला काय आलं आहे ते मी वाचलं नाही. उघडा असल्याचंच कोरलं असणार. ताई आली तेव्हा सायकल मीच तिच्या हातात दिली.

यातलं काहीही मी विसरलो नव्हतो. जिन्यात तू बोललास तेव्हाही मला सगळं माहीत होतं. तू दोष आपणहून उचललास आणि मी तो तुझ्याकडे राहू दिला. आधी वाटलं, चार दिवसांनी सांगू. मग वाटलं, बाबांच्या माघारी सांगू. मग काहीच वाटेनासं झालं.

हे आणखीही राहिलं असतं. तुझी चाकं बसवून, वर पुठ्ठा बांधून मी सायकल पाठवून दिली असती. पण काल तुझ्या लेकीचा दुकानात फोन आला. काका, झाली का सायकल, म्हणाली. मी म्हटलं, चाकं बसवायची आहेत, पाच मिनिटांचं काम, ते तुझ्या बाबालाही येतं. ती हसली. म्हणाली, बाबा? आमच्याकडे बल्बसुद्धा आई बदलते. बाबा म्हणतात, माझ्या हाताला यश नाही. मी फोन ठेवला तेव्हा ती अजून बोलत होती. धाकट्या, तुझ्या हातून त्या दिवशी काहीही चुकलं नाही. सायकल तशीच परत पाठवतो आहे, चाकं कागदात आहेत, मी त्यांना हात लावलेला नाही. हे वाचल्यावर माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव, तुझ्या वहिनीला मी आज सांगणार आहे. पण आधी चाकं बसव. तिला रविवारी मैत्रिणीबरोबर तळ्यापर्यंत जायचं आहे.

तुझाच,
दादा