गप्प बसलेली गल्ली

फिलाडेल्फिया, मंगळवार

प्रिय रॉस्कोदादा,

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. बाजारपेठेच्या झाडलोटीची पट्टी आता आपल्या घरांवरही बसणार आहे. हरकतीचा कागद भरला नाही तर तो नकार धरतात, असं मी म्हटलं होतं. खरं तर ती संमती धरतात. गल्लीतल्या एकोणीस घरांनाही तेच सांगून मीच गप्प बसवलं.

शेजारच्या अर्लीनमावशी काल म्हणाल्या, "आईनं घरीच शिकवलेली पोर तू, तुझं वाचलेलं चुकेल कसं? मी तर तो कागद डुगडुगत्या टेबलाखाली घातलाय."

पट्टी थकली तर त्यांच्या घरावर बोजा चढेल. मला तेव्हा त्यांना खरं सांगवलं नाही. हे पत्र पाठवायलाही धजत नाही.

मुदत शुक्रवारी संपते. मावशींचं दार मी उद्या ठोठावणार, बुधवारी, आठ ऑक्टोबरला.

तुझी घाबरट बहीण,
लॅव्हर्न