‘डोर्कस’ टगबोटीची वासलात

मी, एनॉक ट्रेगर्थन, वय एकोणसत्तर, धंदा टगबोटीने जहाजे ओढण्याचा, राहणार न्यूकॅसल बंदर, न्यू साउथ वेल्स, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. छाती कामातून गेली आहे. डोके मात्र शाबूत आहे, याचे पुष्कळांना वाईट वाटेल.

१. घर चर्चला द्यावे. पाद्रीबुवांनी माझ्यावर प्रवचन करू नये, एवढीच अट.

२. दुर्बीण माझा प्रतिस्पर्धी हार्कर याला. अडकलेली जहाजे त्याला नेहमी माझ्यानंतर दिसली.

३. वाफेची टगबोट ‘डोर्कस’ माझी एकुलती मुलगी लिडिया हिला. दुसरे काही नाही. तिचा नवरा एमॉस पेल माझा सुकाणूवाला होता. नऊ वर्षांमागे एक शिडाचे जहाज बंदराच्या तोंडाशी वाळूत रुतले. त्या जहाजाच्या कप्तानाने आम्हाला ओढून काढायला सांगितले. पण त्याचे नुसते भाडे मिळते. संकटाचा उलटा बावटा चढला, की जहाजाच्या किमतीत वाटा मिळतो. मी थांबलो.

“कप्तान, दोर टाका! माणसं वाहून चाललीत!” एमॉस ओरडला.

“बावटा चढू दे. तोवर सुकाणू धर नि तोंड मीट.”

बावटा चढेपर्यंत चार खलाशी गेले होते. समुद्र खवळल्यामुळे दोर टाकता आला नाही, असे मी कोर्टात सांगितले. एमॉसने शपथेवर सगळे ओकून टाकले. वाट्याचा माझा दावा फेटाळला गेला. तो खरे बोलला, आणि तेच मला सोसवत नाही. त्यानंतर या बंदरात त्याला कोणी कामाला उभे केले नाही. ती तजवीज मीच केली. लिडिया आता लोकांचे कपडे धुते.

काल तिला ‘डोर्कस’ दिल्याचे तेवढेच वाचून दाखवले, तर ती रडली. “बाबा, अखेर आमची दया आली तुम्हाला!”

“आली हो,” मी म्हणालो.

४. वकिलांनी मला समजावले आहे, की ज्याला काही द्यायचे त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार म्हणून सही केली, तर ते देणे रद्द होते. तसे झाल्यास ‘डोर्कस’ हार्करने घ्यावी आणि भंगारात फोडावी.

५. एमॉसला वाचता येत नाही. आत्ता उशाशी उभा राहून विचारतो आहे, “फुली कुठं मारू, कप्तान?”

“मी बोट ठेवतो तिथं. कोर्टात बोललास तशीच बेधडक मार.”

न्यूकॅसल, ९ ऑगस्ट १८८४

(सही) एनॉक ट्रेगर्थन

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
ब्रिजेट नूनन, मोलकरीण. तिची फुली ×
एमॉस पेल, लिडियाचा नवरा. त्याची फुली ×