लपवलेले नंबर

१४ नोव्हेंबर २०२४

झालं एकदाचं! कॉम्प्युटर क्लासच्या योगीराज सरांचं ते रटाळ वेब-पान काढून माझं नवं टाकलं. त्यात गावातून ऊसतोडीला गेलेल्यांची नुसती लांबलचक यादी होती: माणूस, टोळी, मुकादमाचा नंबर. आता नावावर बोट लावलं की तेवढ्याच टोळीचा नंबर उघडतो. फ्रेमवर्क, म्हणजे आयता कोड, इवलंसं आहे. एक फाईल जोडली की पान हलाय-बोलायला लागतं. तीन दिवसांत जमलं. मला!

१६ नोव्हेंबर

पान उघडताना सगळे नंबर क्षणभर दिसतात नि मग मिटतात. ओंगळ दिसतं. एक ओळ टाकली – फाईल येईपर्यंत यादी लपवून ठेव. आता कसं झकास!

१९ नोव्हेंबर

पालमला क्लासमध्ये सरांना दाखवलं. वाटलं, शाबासकी देतील. "लपवतेस कशाला गं? ती फाईल बाहेरच्या सर्व्हरवरून येते. न्हाईच आली तर? आधी साधं दिसू दे, मग नाचव." मी म्हणाले, "सर, तुमच्या काळी हे नव्हतं म्हणून बोलताय." चारचौघांत! सर नुसते हसले. मला वाटलं, जळतात.

येताना एस.टी.त खिडकीशी बसून स्वतःवरच खूश होते.

२ डिसेंबर

शेजारच्या व्यंकटअण्णांच्या मोबाईलवर पान लावून दिलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून लेकाच्या, बजरंगच्या नावावर कुठं बोट लावायचं ते दाखवलं. बजरंग यंदा सोनपेठकडच्या टोळीत गेलाय. गावातलं दुसरं कुणी नाही त्या टोळीत. नंबर उघडला तसे अण्णा हरखले. "आगं, लेक खिशातच आला की माझ्या!"

२० डिसेंबर

अण्णा रोज बजरंगचं नाव दाबतात. फोन लावत नाहीत, नुसतं बघतात नि मोबाईल परत खिशात. त्यांची बायको, कडूबाईकाकू म्हणते, "येडं झालंय म्हातारं."

२१ जानेवारी

अण्णा गेले.

२२ जानेवारी

लिहवत नाही. तरी लिहिते.

काल सकाळी सदरा काढून गोठ्यात गेले नि तिथंच कोसळले. मी पोखर्णीला, नरसिंहाच्या दर्शनाला. मोबाईल घरीच विसरलेला. बजरंगचा फोन दोन दिवस बंद. काकू म्हणाली, "राजेश्रीच्या पानात मुकादमाचा नंबर हाय, बघा की." चौघांनी आपापल्या मोबाईलवर बघितलं. कुणीच ते आधी उघडलेलं नव्हतं. रेंज एक कांडी. पानाचं वरचं शीर्षक आलं, खाली कोरं! दिवस मावळेस्तोवर थांबले. मग पुतण्यानं, सूर्यभाननं, अग्नी दिला. पोटचा लेक असून!

मी पोचले तेव्हा लोक परतत होते. मुकादमाला मग मीच फोन लावला.

२३ जानेवारी

तपासलं. माझ्या मोबाईलमध्ये ती फाईल आधीच साठलेली, म्हणून मला कधी कळलंच नाही. नव्या मोबाईलवर, मंद रेंजला, यादी येते पण फाईल येत नाही. म्हणजे नंबर त्या चौघांच्या हातात आला होता! माझ्या ओळीनं झाकून ठेवला. कशासाठी? तर दिसायला बरं म्हणून.

बजरंग राख सावडायला पोचला. "तू फोन केलास म्हणून कळलं तरी," म्हणाला. आभार मानतोय माझे! काकू येईल त्याला सांगायलीय, "पोरीनं लय चांगलं केलतं, रेंजच मेली खोटी." मी मान खाली घालून ऐकलं. भित्री कुठली!

२४ जानेवारी

ओळ अजून तशीच आहे. काढली की कबूल केल्यासारखं होईल. सरांना फोन लावला नि एक रिंग होताच कट केला.

२५ जानेवारी

अण्णांचा सदरा खुंटीवरच होता. खिशात मोबाईल. त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही. बजरंगनं चार्ज करून पान उघडलं, स्वतःचं नाव दाबलं. नंबर लगेच आला. "हेच्यात तर दिसायलाय की!" रोज बघून बघून फाईल तिथं साठली होती.

मग सांगितलं. ती ओळ, सरांचं बोलणं, सगळं. बजरंग माझ्याकडं बघेना. मोबाईल परत सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"म्हंजी त्या दिवशी बी मी अण्णाच्या खिशातच होतो."