कँटीनमधल्या फोटोखालची ओळ

आई, तुझा फोटो कंपनीच्या कँटीनमध्ये लावला आहे आणि त्याच्याखाली चुकीचं लिहिलं आहे. 'युद्धात जखमी झालेली चिमुरडी.' चार दिवस झाले, मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो, तरी मागे काय लिहिलंय ते घासाघासाला आठवतं. शनिवारी मॉक ड्रिल आहे, बाहेरचे पाहुणे येणार आहेत, त्याच्या आत मला ती ओळ बदलायची आहे. बोर्ड लिहायचं काम माझ्याकडेच असतं, कारण सेफ्टीच्या खात्यात अक्षर माझंच बरं आहे. पण ही ओळ साहेबांनी स्वतः छापून आणली, मला न विचारता. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तुझ्यावर चिडून आता काही उपयोग नाही हे मला कळतं. पण हा घोळ मुळात तुझा आहे, म्हणून तुलाच लिहितो.

झालं असं, की या उन्हाळ्यात सरहद्दीवरच्या बातम्या वाढल्या, टीव्हीवर भोंगे वाजायला लागले, आणि इकडे चाकणला आमच्या कंपनीलाही एकदम आठवण झाली की नागरी संरक्षण नावाची एक गोष्ट असते. आमचे सेफ्टीचे साहेब वाकडला राहतात, माझ्याहून चार वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीची घाई. मीटिंगमध्ये म्हणाले, कँटीनच्या भिंतीवर जुन्या काळच्या युद्धांचे फोटो लावू, म्हणजे लोकांना गांभीर्य येईल. मग त्यांनी इंटरनेटवरून फोटो गोळा केले. गच्चीवर उभं राहून आभाळाकडे बघणारी माणसं, वाळूच्या पोत्यांआडची दुकानं, तळघरात ओळीनं बसलेली मुलं. एका फोटोत तर मागे बर्फ पडलेला. मी म्हणालो, "सर, हे आपल्याकडचं नाही." ते म्हणाले, "युद्ध ते युद्धच ना, भाऊ. तुझ्याकडे आपल्याकडचा असेल तर आण." आणि मी तुझा फोटो नेला. ती चूक माझी, मी मान्य करतो.

फोटो पोस्टकार्डाएवढा. पिंपरीच्या कामगार वसाहतीतलं मैदान, मागे कारखान्याचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, जिथं आजोबा मशीनवर होते. पत्र्याच्या टोप्या घातलेली चार माणसं स्ट्रेचर उचलून चालली आहेत आणि स्ट्रेचरवर तू, अकरा वर्षांची. डोक्याला पट्टी, एक डोळा झाकलेला, एक वेणी खाली लोंबते आहे, एका पायात चप्पल नाही. फ्रॉकवर टाचणीनं लावलेली चिठ्ठी. एकाहत्तरची लढाई चालू होती. खिडक्यांना काळे कागद, मोटारींचे दिवे अर्धे रंगवलेले, शाळेमागे खणलेले नागमोडी चर. हे तू इतक्यांदा सांगितलंस की मी ते पाहिलंय असंच मला वाटतं. उचलायला हलकी म्हणून नागरी संरक्षणाच्या वॉर्डननं तुला सरावातली जखमी केलं. कुठं काय लागलंय ते चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, उचलणाऱ्यांनी ते वाचून पट्टी बांधायची, आणि जखमीनं बोलायचं नाही, हा नियम. बाकीच्या मुली खिदळल्या, एक तर मध्येच उठून पळाली. तू शेवटपर्यंत गप्प पडून राहिलीस, म्हणून वॉर्डननं सगळ्यांसमोर तुला बिस्किटांचा पुडा दिला. गोष्टीचा शेवट दर वेळी ठरलेला असायचा. "मला मुळीच भीती वाटली नाही."

मी पाचवीत असताना या फोटोच्या मागे बॉलपेननं 'आई युद्धात' असं लिहिलं होतं, आठवतं का? तू ओट्यापाशी खाली बसून रबराचे पार्ट कापते आहेस. वर्कशॉपमधून पोती यायची, त्या वाटोळ्या तुकड्यांच्या कडा ब्लेडनं साफ करून परत द्यायच्या, घरभर जळक्या टायरसारखा वास, भाकरीलासुद्धा. तू ब्लेड खाली ठेवतेस, फोटो हातात घेतेस. "मी कधी होते रे युद्धात? तो सराव होता. लिहायचं तर खरं लिही, नाहीतर कोरं ठेव." आणि खोडरबरानं घासायला लागतेस. शाई गेली नाहीच, कागद मात्र खरवडला गेला, तो अजून तसाच आहे. रोज संध्याकाळी तू पेपरातली एक बातमी मला सांगायचीस आणि मी लिहून घ्यायचो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की तुझं ब्लेड थांबायचं. बोलायची नाहीस, नुसतं ब्लेड थांबायचं, की मी वर बघून दुरुस्त करायचो. पुढे दहावीत माझी शाळा सुटली ती सुटलीच, पण तेवढी एक खोड राहिली. कंपनीच्या नोटीस बोर्डावर कुणी 'सुरक्षीत' लिहिलं तर मी जाता जाता पेनानं नीट करतो. पोरं हसतात.

तर अशा माणसासमोर साहेबांनी काय करावं? फोनवर तुझ्या फोटोचा फोटो काढला, कुठल्याशा ॲपमध्ये टाकला आणि दोन मिनिटांत मला दाखवला. "बघ भाऊ, कसली क्लॅरिटी!" तुझा फ्रॉक गुलाबी झाला होता. पट्टीवर रक्त आलं होतं, जे नव्हतंच कधी. चिठ्ठीवर अक्षरं उमटली होती, पण ती कुठल्याच भाषेतली नव्हती. आणि उघड्या डोळ्यात पाणी. आई, ते तोंड तुझं नव्हतं. जाहिरातीतल्या मुलीचं होतं.

मी म्हणालो, "सर, ही माझी आई नाही."

"अरे, इफेक्ट बघ ना. लोक थांबतील, बघतील."

"पण तिला काही लागलं नव्हतं. सराव होता तो."

"हे लोकांना कुठं माहितीये?"

"मला माहितीये ना."

ते हसले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू फार टेन्शन घेतोस, राव." दुसऱ्या दिवशी ती गुलाबी मुलगी भिंतीवर, खाली ती ओळ. पोरं वरणभात कालवता कालवता म्हणाली, "तुझी आई लय भारी होती, भावा, लढाईत होती म्हणे." मी कुणाकुणाला सांगू?

शेवटी काल सुट्टी घेतली, पिंपरीतल्या एका फोटोच्या दुकानात मूळ फोटो नेला आणि माझ्या खर्चानं मोठा करून आणला. रंग नको, सफाई नको, आहे तसा, असं त्याला तीनदा बजावलं. निगडीला घरी आणून फरशीवर पसरला. मला एकच गोष्ट बघायची होती, ती चिठ्ठी. लहानपणी तुला किती वेळा विचारलं की त्यावर काय लिहिलं होतं, आणि तू म्हणायचीस, आठवत नाही. चिठ्ठीच्या जागी नुसते करडे ठिपके. भिंग लावलं तरी ठिपकेच. पप्पा शेजारी येऊन उभे राहिले, म्हणाले, "किती शांत पडलीय बघ. स्वभावच होता तिचा." आणि तेव्हा मला तुझा हात दिसला. उजवा, स्ट्रेचरच्या दांड्यावर. नुसता ठेवलेला नाही. चारही बोटं आवळलेली, अंगठा वरून दाबलेला, पेरं पांढरी. मग मी बाकीचंही नीट पाहिलं. पुढची दोन माणसं उंच, मागची दोन बुटकी. स्ट्रेचर मागे कलला आहे आणि तू डोक्याकडून घसरत चालली आहेस. लहान फोटोत हे कधी कळलंच नव्हतं.

म्हणजे घाबरली होतीस. मग जन्मभर ते 'मुळीच भीती वाटली नाही' कुणासाठी? "अहो, मी पडतेय," एवढं म्हणायला काय झालं होतं? बिस्किटांचा पुडा गेला असता, याहून जास्त काय? तीच सवय पुढे लागली तुला. पोटात दुखत होतं ते चार दिवस तू कुणाला सांगितलं नाहीस. पार्ट कापत राहिलीस, भाकऱ्या थापत राहिलीस, आणि पाचव्या दिवशी पडलीस तेव्हा आतडं फुटून गेलं होतं. डॉक्टर पप्पांना म्हणाले, "इतके दिवस काय करत होता?" पप्पा म्हणाले, "ती काही बोललीच नाही." दहाव्याला, तेराव्याला आलेला प्रत्येक माणूस हेच म्हणत होता, बोललीच नाही बिचारी. मीही एकोणीस वर्षं हेच सांगत आलो आहे, आणि दर वेळी सांगताना मला तुझा रागच येतो.

इथवर लिहून ठेवलं होतं. आज रविवार. काल ड्रिल झालं. भोंगा वाजला, सगळे मैदानात आले, दोघं विसरून फोनवर बोलत आतच राहिले. जखमी म्हणून साहेबांनी कंपनीच्या बसनं माझ्याबरोबर येणारा, बीडकडचा, नव्वद किलोचा गडी निवडला. का, तर जड माणूस उचलून दाखवू. त्याच्या जॅकेटवर मीच चिठ्ठी लावली, 'उजवा पाय मोडला आहे.' चौघांनी उचलला आणि दहा पावलांत तो ओरडायला लागला.

"ए भावा, हळू! पाय मोडलाय असं लिहिलंय, खरोखर मोडू नका!"

साहेब म्हणाले, "जखमींनी बोलू नका, प्लीज."

"सर, मेल्यावर गप्प बसतो ना. आत्ता कंबर दुखतीये. कंबर चिठ्ठीवर नाही, पण माझ्याकडं हाय!"

पाहुण्यांसकट सगळे हसले. पण चौघं थांबले, त्याला खाली ठेवलं, पट्टा सोडून नीट बांधला आणि परत सरळ उचलला. अर्ध्या मिनिटाचं काम, आई. मी घड्याळ घेऊनच उभा होतो.

मोठा केलेला फोटो मी काल सकाळीच लावला होता. गुलाबी मुलगी काढून टाकली. खाली कार्डावर माझ्या अक्षरात नवी ओळ. 'नागरी संरक्षणाचा सराव, पिंपरी, १९७१. स्ट्रेचरवरची मुलगी जखमी नाही. ती घाबरलेली आहे.' पाहुणे गेल्यावर साहेबांनी ती वाचली. मला वाटलं चिडतील, पण ते खरोखर जवळ जाऊन बघायला लागले. म्हणाले, "सराव होता, ठीक आहे, राहू दे. पण घाबरलेली हे कशावरून?"

"हातावरून, सर."

"हात तर नुसता धरलाय तिनं. स्ट्रेचरवर कुणीही धरतं. तुला कसं कळलं?"

प्रश्न बरोबर होता. मला उत्तर येत होतं. मी कार्ड काढलं, नवीन घेतलं आणि शेवटचं वाक्य सोडून बाकीचं पुन्हा लिहिलं. आता भिंतीवर एवढंच आहे, की तू जखमी नाहीस. ताट घेऊन जाणारे वाचतात आणि पुढे जातात. कुणी थांबत नाही, साहेबांचं तेवढं खरं होतं.

खरं लिही, नाहीतर कोरं ठेव, असं तू म्हणाली होतीस. तिथं कोरं ठेवलं, म्हणून इथं लिहितो. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, घडी करून मूळ फोटोच्या मागे, त्या खरवडलेल्या जागेवर ठेवून देणार आहे. त्या दुखण्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी मी बॅट न्यायला घरात आलो होतो. तू ओट्यापाशी उभी होतीस, चहा उतू जात होता आणि तू गॅस बंद करत नव्हतीस. एका हातानं कडप्प्याची कड धरलेली. चारही बोटं आवळलेली, अंगठा वरून दाबलेला, पेरं पांढरी. मी विचारलं, "आई, काय झालं?" तू म्हणालीस, "काही नाही. जा तू." तोंड अगदी शांत होतं. पण मी तोंडाकडे बघत नव्हतो, हाताकडे बघत होतो. मी गॅस बंद केला, बॅट उचलली आणि खाली गेलो. माझी बॅटिंग बाकी होती.